विसरलेल्या वस्तूंचं कपाट

अबोध मनाचा अभ्यास हा फार सुरक्षित धंदा आहे. जे मन खुद्द त्याच्या मालकाला दिसत नाही, त्याबद्दल मी काहीही बोललो तरी मला खोटं कोण पाडणार? एवढ्या एका आधारावर मी सव्वीस वर्षं विद्यापीठात काढली, तीन जाडजूड पुस्तकं लिहिली आणि ओळखीच्या बऱ्याच माणसांना त्यांच्या संसारात नेमकं काय बिनसलंय ते त्यांनी न विचारता सांगितलं. माझा मूळ विषय साहित्य. पण कथेतल्या पात्रांच्या मनात काय दडलंय ते शोधता शोधता मला जित्याजागत्या माणसांच्या मनातलंही दिसायला लागलं, निदान तसं मला वाटायला लागलं. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मला एक केंद्र काढून दिलं.

केंद्र म्हणजे ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. एकीत लांब टेबल आणि सहा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. दुसरीत एक जुनं लोखंडी कपाट, ज्यात वाचकांच्या विसरलेल्या वस्तू ठेवल्या जातात. आम्ही चौघं चार विषयांचे. मेंदूच्या डॉक्टरबाई, ज्यांना ‘मन’ हा शब्द ऐकला की शिंक आल्यासारखं व्हायचं. कायदेवाले, ज्यांना एकच प्रश्न पडलेला असायचा, की नकळत केलेल्या गोष्टीबद्दल माणसाला दोषी धरायचं की सोडायचं. आकडेवाले, जे मोजल्याशिवाय स्वतःच्या भुकेवरही विश्वास ठेवत नसत. आणि केंद्रप्रमुख मी, ज्याने शेवटी या सगळ्यांचा मेळ घालून समारोप करायचा. समारोप साधारण पाऊण तास चालायचा.

आमची पद्धत मीच शोधून काढली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. दोन महिन्यांत ज्या वस्तूला मालक मिळाला नाही, ती दर गुरुवारी तीन वाजता टेबलावर यायची आणि आम्ही चौघं आपापल्या विषयाच्या अंगाने ती वस्तू का विसरली गेली ते सांगायचो. अट एकच. वस्तूवर नाव, पत्ता, फोन नंबर असला तर तो आधी खाकी कागद चिकटवून झाकायचा, कारण माणूस कळला की निष्कर्ष गढूळ होतो. हे झाकण्याचं काम कपाटवाल्या काकांकडे होतं. काका तीस वर्षं वाचनकक्षात बसतात. कोण कुठल्या खुर्चीवर बसतं, कोण पेन्सिल चावतं, कोण काय विसरून जातं हे त्यांना तोंडपाठ. दोनतीनदा त्यांनी सांगायचा प्रयत्नही केला की सर, ही वस्तू कुणाची ते मला माहीत आहे. तेव्हा मी त्यांना समोर बसवून पूर्वग्रह म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. त्यानंतर ते बोलायचे बंद झाले. एकदा एक विद्यार्थिनी भिजलेल्या अंगाने आपली छत्री मागायला आली होती. तिला मी सांगितलं की छत्री अभ्यासाखाली आहे, अहवाल छापून झाला की मिळेल. माझाच नियम होता, आणि तो मी अगदी कडकपणे पाळला.

आता घरचं सांगतो. घरी बायको आणि बाबा. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. गिऱ्हाईक घड्याळ पुढे करायचं आणि बाबा ते उघडण्याआधी कानाला लावायचे. कुठलं चाक अडतंय, कुठे तेल वाळलंय, ते त्यांना ठोक्यावरून कळायचं. त्याच कानांनी सत्तरीनंतर दगा दिला. डावा कान पूर्ण गेला आणि उजवा कानाच्या मशीनच्या आधारावर उरला. तीन महिन्यांपूर्वी ते मशीनही खरखर करून बंद पडलं. बायकोने ते माझ्या हातात दिलं आणि विद्यापीठाच्या रस्त्यावरच दुकान आहे, जाता जाता टाका म्हणाली. मी टाकलं. मला स्पष्ट आठवत होतं. काउंटरची काच, दुकानदाराचा हात, त्याचं मान हलवणं, सगळं.

तेव्हापासून दुकानदार टोलवाटोलवी करत होता. मी फोन केला की म्हणायचा, साहेब, तुमचं मशीन आमच्याकडे नाही. आधी मी समजुतीने घेतलं, मग आवाज चढवला. अहवालाच्या चौथ्या प्रकरणात, जिथे माणूस स्वतःची चूक स्वतःपासून कशी लपवतो ते मी मांडलं आहे, तिथे या दुकानदाराचं उदाहरण मी दीड पान भरून दिलं होतं.

खरं सांगायचं तर मला फारशी घाई नव्हती. मशीन गेल्यापासून घर निवांत झालं होतं. संध्याकाळी चहा घेताना मी दिवसभर लिहिलेलं बाबांना वाचून दाखवायचो आणि बाबा शांतपणे माझ्याकडे बघत मान डोलवायचे. त्याआधी असं कधी झालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी केंद्राच्या उद्घाटनाला ते पहिल्या रांगेत बसले होते. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, लोक भेटून गेले. घरी येऊन चपला काढता काढता बाबांनी विचारलं, ‘तासभर बोललास. म्हणायचं काय होतं?’ मी उत्तर द्यायला लागलो आणि वीस मिनिटांनी ते झोपायला गेले. तो प्रश्न माझ्या घशात हाडासारखा अडकून बसला होता. त्यामुळे आता ते मान डोलवतात म्हटल्यावर मी हुरळून गेलो. म्हटलं, एकदाचं बाबांना पटायला लागलं.

मग एका बुधवारी अवेळीच आत्याच्या घरून फोन आला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय एकोणनव्वद, दूरच्या गावी मुलीकडे असते. चाळीस वर्षं दर रविवारी अकरा वाजता दोघं फोनवर बोलतात. गेले तीन महिने बाबा नुसता फोन कानाला धरून हो हो म्हणत होते आणि मी मधे उभा राहून तिचं बोलणं कागदावर लिहून दाखवत होतो, अर्थात संक्षेपात. या वेळी तिची मुलगी बोलली. आत्याच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन होतं. जीव वाचेल, पण आवाज राहील असं डॉक्टर सांगत नव्हते.

मी ते कागदावर लिहिलं. बाबांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘रविवारच्या आत मशीन आण. मला तिचा आवाज ऐकायचाय.’ जन्मात त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. नवं मशीन घ्यायचं तर कानाचा साचा, मापं, सगळं मिळून तीन आठवडे. हाती होते चार दिवस.

गुरुवारी सकाळी मी दुकानदाराला फोन करून वाटेल ते बोललो. म्हाताऱ्या माणसाचा तळतळाट घेऊ नका इथपर्यंत गेलो. तो बिचारा एवढंच म्हणाला की साहेब, एकदा येऊन वही बघा. मी म्हटलं, उद्या येतोच, आणि आवडता निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून केंद्रात गेलो.

त्या दिवशी काकांनी टेबलावर एक लहानशी कापडी पिशवी ठेवली. ठेवताना ते जरा थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘सर, हिच्याबद्दल...’ मी बोट वर केलं. ते दाराशी जाऊन उभे राहिले. डॉक्टरबाईंनी पिशवी उघडली. आत एक कानाचं मशीन होतं आणि खाकी कागद चिकटवलेली एक चिठ्ठी. मला क्षणभर बाबांची आठवण झाली, ती एवढीच की बघा, लोक कशा वस्तू टाकून जातात आणि आपलं मात्र दुकानदार देत नाही. बाबांचं मशीन दुकानात होतं. तेव्हा हे बाबांचं असणं शक्यच नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ओळखीच्या रस्त्याने जाताना मेंदू झोपल्यासारखाच असतो. एखादं काम करायचं ठरवलं की कधी कधी ते केल्याचीच आठवण तयार होते, आणि ती खऱ्या आठवणीइतकीच ठळक असते. आकडेवाल्यांनी वहीतून सांगितलं की आजवरच्या एकशे तेरा वस्तूंमध्ये स्वतःच्या वस्तूंपेक्षा दुसऱ्यासाठी नेत असलेल्या वस्तू दुपटीने विसरल्या गेल्या आहेत. हे सांगताना ते सारखे माझ्या शर्टाकडे बघत होते. मला वाटलं, चहा सांडलाय. कायदेवाले म्हणाले, हा निष्काळजीपणा की हेतू, हे विसरल्यामुळे कुणाचा फायदा झाला त्यावर ठरेल.

मग मी उठलो. त्या दिवशी मला जे सुचलं तसं आयुष्यात सुचलं नव्हतं. मी म्हटलं, बहिरा माणूस आपला कान टेबलावर विसरत नाही. म्हणजे हे नेणारा दुसरा कुणीतरी आहे, बहुतेक मुलगा. हा मुलगा विसराळू नाही. या म्हाताऱ्या माणसाने ऐकू नये असं त्याला वाटतंय. का? कारण त्याला त्या माणसाच्या मताची भीती आहे. तो घरात मोठमोठ्याने बोलत असेल आणि समोरच्याला ऐकू येत नाही यातच त्याचं सुख असेल. आणि मी पैजेवर सांगतो, मी टेबलावर हात आपटून म्हणालो, तो या क्षणी खापर दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर फोडत असेल. अशी माणसं तेच करतात.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. जाताना त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या की आज तुम्ही फार धीटपणा केलात. कायदेवाल्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मी नम्रपणे म्हटलं, अहो, हे तर माझं रोजचंच काम. घरी जाताना मी शीळ घालत होतो.

शुक्रवारी दुकानात गेलो. दुकानदाराने वही उघडून दाखवली. त्या आठवड्यात आलेल्या प्रत्येक मशीनची नोंद होती, बाबांचं नाव नव्हतं. मी म्हटलं, मी स्वतः तुमच्या हातात दिलंय. तो म्हणाला, साहेब, कशात घालून दिलं होतंत ते तरी सांगा, म्हणजे पुन्हा शोधतो. आता आली का पंचाईत. मी बघितलंच नव्हतं. तिथूनच बायकोला फोन लावला.

ती म्हणाली, ‘अहो, पिशवी शिवली होती की मी. तुमच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाचं कापड उरलं होतं, त्याची.’

मी फोन ठेवला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतं. काल मी तोच शर्ट घालून, त्याच कापडाच्या पिशवीसमोर उभा राहून, टेबलावर हात आपटून स्वतःवर आरोपपत्र वाचलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या बाबतीत कळसा काखेत नव्हता, टेबलावर ठेवून मी त्यावर व्याख्यान दिलं होतं. दुकानदाराने पाण्याचा ग्लास पुढे केला. ज्याला तीन महिने शिव्या घातल्या त्याच्या हातचं पाणी मी प्यायलो आणि निघालो.

काका कपाटापाशीच होते. त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना कुठेही टोमणा मारला नाही, हे जास्त लागलं. मशीन घेऊन निघालो त्या दिवशी दुकानात जायच्या आधी मी वाचनकक्षात डोकावलो होतो, खिडकीजवळच्या टेबलावर पिशवी ठेवून एक संदर्भ बघितला होता आणि तसाच निघालो होतो. काका फाटकापर्यंत मागे धावले होते. मी कुणाशी तरी अबोध मनावर बोलत होतो आणि मी त्यांना हातानेच ‘नंतर’ म्हणालो होतो. नंतर ते दोनदा केंद्रात आले. दुसऱ्या वेळी मी त्यांना पूर्वग्रह शिकवला. खाकी कागदाखाली बाबांचं नाव होतं, बायकोच्या अक्षरात.

‘आणि बाकीच्यांना कळलं नाही?’ मी विचारलं.

‘कळलं की. शर्ट दिसत होता ना,’ काका म्हणाले. ‘त्यांना वाटलं, सरांनी मुद्दाम स्वतःचीच वस्तू ठेवलीय. बाई तर बाहेर डोळे पुसत होत्या.’

मी हात पुढे केला. काका अवघडले. अभ्यासाखालची वस्तू अहवाल छापून होईपर्यंत द्यायची नाही, असा लेखी नियम होता आणि खाली केंद्रप्रमुखांची सही होती. म्हणून मी केंद्रप्रमुखांना अर्ज लिहिला, केंद्रप्रमुख म्हणून तो वाचला आणि मंजूर केला. मग काकांनी कपाटाची वही पुढे केली. वस्तू परत घेणाऱ्याने सही करायची, आणि शेवटचा एक लहानसा रकाना असतो, कारण. त्यात आधीच्या सगळ्यांनी ‘विसरलो’ किंवा ‘विसरले’ लिहिलं होतं. या रकान्यावर मी दोन वर्षांत चारशे पानं लिहिली होती. मी ‘विसरलो’ लिहिलं आणि बाहेर पडलो.

शनिवारी दुकानदाराने मशीन उघडलं. नळीत मळ साचला होता. दहा मिनिटांचं काम होतं. मी माफी मागितली, तर म्हणाला, होतं असं, वडील ऐकायला लागले म्हणजे झालं.

रविवारी साडेदहाला बाबांनी मशीन कानात घातलं. थोडा वेळ मान तिरकी करून बसले. मग म्हणाले, ‘भिंतीवरचं घड्याळ लंगडतंय. तुम्हाला कुणाला ऐकू नाही आलं?’ आम्हाला कुणालाच आलं नव्हतं.

मग मी त्यांना सगळं सांगायला बसलो. आधी मेंदूच्या बाजूने सांगितलं, की आठवण कशी तयार होते. मग आकडे सांगितले. निष्काळजीपणा आणि हेतू यांतला फरक सांगायला लागलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

‘मी ऐकू नये असं वाटत होतं का तुला?’

माझ्याकडे यावर पाऊण तासाचं उत्तर तयार होतं. ते त्यांना गुरुवारी, ऐकू येत नसताना, ऐकवता आलं असतं. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि आता त्यांना ऐकू येत होतं.

‘हो, बाबा,’ मी म्हणालो.

बाबा मशीन बोटाने नीट बसवत म्हणाले, ‘मग तसं सांगायचंस. तू वाचायला बसलास की मी काढून ठेवलं असतं. ताईसाठी तरी राहिलं असतं.’

मला रडू आलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, केंद्रप्रमुख असताना, मी चहाच्या कपात बघत रडलो. बाबांनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. त्यांनी फक्त माझा कप बाजूला सरकवला, कारण तो टेबलाच्या कडेला आला होता. अकराला फोन वाजला. ‘ताई, बोल,’ बाबा म्हणाले. मी कागद-पेन्सिल घेऊन उभा होतो, तो तसाच आत जाऊन बसलो. ते पन्नास मिनिटं बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही, मधे एकदा बाबा मोठ्याने हसले एवढंच आत ऐकू आलं.

सोमवारी सकाळी मी कपाटाची वही मागून घेतली. ‘विसरलो’ खोडलं आणि लिहिलं, ‘वडिलांनी ऐकू नये असं वाटत होतं.’ अक्षरं रकान्यात मावेनात, शेवटची दोन खाली उतरली. काकांनी वाचलं, शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून ठेवली आणि म्हणाले की एवढं कुणी लिहीत नाही, सर. छत्रीवाल्या मुलीचा पत्ता त्यांच्याकडे होताच. त्या आठवड्यात आम्ही बावीस वस्तू परत केल्या. चौथ्या प्रकरणातलं दुकानदाराचं दीड पान मी काढलं नाही. फक्त दुकानदाराच्या जागी केंद्रप्रमुख घातला. बाकी एक शब्दही बदलावा लागला नाही.

आत्या वाचली, आवाज गेला. ती पन्नास मिनिटं शेवटची ठरली. माझ्यामुळे ती मिनिटंही हुकणार होती, हे मी कुठल्याही विषयाच्या आडोशाला बसून विसरू शकत नाही.

फोन मात्र अजूनही दर रविवारी अकराला येतो. आत्या पलीकडे बोटाने फोनवर टकटक करते. बाबा फोन कानाला लावून, डोळे मिटून, पूर्वी घड्याळं ऐकायचे तसे ते ठोके ऐकतात आणि उत्तरं देतात. त्यांना कसं कळतं ते डॉक्टरबाईंनाही सांगता आलेलं नाही. साडेदहाला मी स्वतः मशीन पुसून, नवी बॅटरी घालून त्यांच्या हातात देतो आणि शेजारी गप्प बसतो. परवा टकटक जरा जास्तच वेळ चालली, म्हणून मला राहवेना तेव्हा मी विचारलं की आत्या काय म्हणतेय.

बाबांनी फोनवर हात ठेवला. ‘विचारतेय, तो अजून गप्प आहे का,’ ते म्हणाले. ‘आता काय सांगू?’